एकदाच वाजलेली बेल

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. दादाला नाही. ज्यांच्याबद्दल आहे त्या वहिनींना तर नाहीच नाही. एकदा — दोनदा म्हणू या — अगदी ओठांवर आली होती, आणि मी चहा मागून वेळ मारून नेली. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. सांगताना तुमचा चेहरा उतरलेला मला बघावा लागणार नाही, एवढीच काय ती सोय. मध्येच मी भलतीकडे वळलो, उगाच पाल्हाळ लावलं, तर ओळखा की मुद्दा जवळ आलाय आणि माझी टाळाटाळ चाललीय.

मी एमआरआय टेक्निशियन आहे. अंधेरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात, तळमजल्यावर. माणसाला त्या मोठ्या यंत्राच्या नळीत सरकवायचं, काचेपलीकडे बसून आतले फोटो घ्यायचे, बाहेर काढायचं. पेशंटशी मी बरा वागतो. खोटं कशाला सांगू — माझी ड्यूटी असेल तेव्हाच या, असं लोक एकमेकांना सांगतात. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी रबराचा एक फुगा देतो, लिंबाएवढा. जीव घाबरला तर दाबायचा, की इकडे माझ्या टेबलावर बेल वाजते. आत पाठवण्याआधी मी एकदा दाबून बघायला लावतो. वाजली की म्हणतो, "ऐकू आली. केव्हाही दाबा, मी लगेच येतो." रोजचं वाक्य आहे. तरी 'लगेच येतो' म्हणताना माझी जीभ जराशी अडखळते. पेशंटच्या ते लक्षात येत नाही.

आता वहिनींबद्दल सांगतो. बारावी झाल्यावर मी कणकवलीकडून मुंबईला आलो तो थेट दादाच्या बिऱ्हाडात — घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर, एक खोली आणि वर पत्रे. दादाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या नवरीच्या संसारात मी एक ट्रंक घेऊन घुसलो आणि चांगली पाच-सहा वर्षं तिथून हललो नाही. दादा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. वहिनी घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायच्या. मशीनची घरघर माझ्या अभ्यासाला नडू नये म्हणून मी पुस्तक उघडलं की त्या मशीन बंद करून हातशिलाई घ्यायच्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. फार उशिरा, माझ्या बायकोने विचारलं म्हणून समजलं. तोवर मला वाटायचं, वहिनींना हातशिलाईच आवडते.

आणि त्यांची एक सवय होती. ती सांगायलाच हवी, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. वहिनी कुणाच्याही दाराची बेल एकदाच वाजवायच्या. एकदा दाबायची, हात खाली घ्यायचा आणि उभं राहायचं. दार उघडलं तर उघडलं. आतली माणसं कामात असतील, येतील — असं त्यांचं म्हणणं. मी याच्या अगदी उलट. बेलवर बोट ठेवलं की दार उघडेपर्यंत काढायचो नाही. दादा वैतागायचा. माझ्यावरही आणि त्यांच्यावरही. एकदा मी ट्रेनिंगमधली रात्रपाळी करून दुपारचा झोपलो होतो. वहिनी बाजारातून आल्या. किल्ली माझ्यापाशी. त्यांनी बेल वाजवली, मला ऐकू आली नाही. माझी झोप पुरी होऊन मी आपणहून दार उघडलं, तर या पायरीवर बसलेल्या, पिशवीतली मेथी पार मान टाकून पडलेली. मी म्हटलं, अहो, पुन्हा वाजवायची की! तर म्हणाल्या, दमून झोपला होता, उठवायचं कशाला?

लक्षात ठेवा हे. मी मात्र सोयीच्या वेळी विसरलो. नाही — विसरलो नाही, हेच तर सांगायचंय.

पुढे मी शिकलो, नोकरी लागली, लग्न झालं. दादा-वहिनी मुलुंडला दोन खोल्यांच्या घरात गेले. आणि आमच्या हॉस्पिटलात एक डॉक्टरबाई आल्या, मेंदूच्या. हुशार, मनानेही चांगल्या. त्यांनी एक संशोधन सुरू केलं. सोप्या शब्दांत सांगतो. माणसाला मास्क लावायचा आणि एमआरआयच्या नळीत ठेवायचं. मास्कला जोडलेल्या सिलिंडरांतून आलटून-पालटून वेगवेगळी हवा द्यायची. आधी साधी. मग ऑक्सिजन जास्त असलेली. मग कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवलेली. या तिसऱ्या हवेने मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त धावून येतं आणि ते पडद्यावर दिसतं. ज्याच्या वाहिन्या नीट रुंदावत नाहीत त्याला पुढे धोका. हे आधीच ओळखता आलं तर किती लोकांचा लकवा टळेल, असं बाई सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाजच बदलायचा. काम चांगलं होतं. त्या कामात काही खोट नव्हती, हे मला इथे नीट नोंदवून ठेवायचंय.

फक्त ती तिसरी हवा. तिने काही इजा होत नाही, सिलिंडरचा नळ बंद केला की दोन-चार श्वासांत माणूस पहिल्यासारखा. पण ती आत जाते तेव्हा छाती भात्यासारखी चालते आणि तरी श्वास पुरत नाही. कितीही ओढा, पुरतच नाही. मला कसं माहीत? सगळ्यात आधी मीच आत गेलो होतो. स्वतःच्या हौसेने. आणि तिसरी हवा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात मी तो फुगा असा दाबला — सारखा, सारखा, बेलच्या माझ्या सवयीप्रमाणे. बाईंनी तत्क्षणी नळ फिरवला. नियमच होता तसा. बेल वाजली की हवा बंद, मग बाकीचं. बाहेर आल्यावर मी हसलो, म्हटलं, सहज टेस्ट करून बघितली.

रविवारी मशीन मोकळं असायचं, तेव्हा हे काम चालायचं. निरोगी माणसं हवी होती. सुरुवातीला आमच्यातलेच कोण कोण आले — वॉर्डबॉय, सिस्टरांचे नवरे. मग बातमी पसरली की आत गुदमरतं, आणि येणारे आटले. जे आले त्यांची डोकी हलायची. डोकं जरा हललं की फोटो गेला. बाई रडकुंडीला आल्या होत्या. त्यांना परिषदेत हे काम दाखवायचं होतं आणि मला त्या म्हणाल्या होत्या की लेखात तुमचंही नाव घालीन.

माझं नाव! तुम्हाला यात काय विशेष वाटणार? आमच्या घरात लग्नपत्रिकेपलीकडे कुणाचं नाव छापून आलं नव्हतं. मला ते नाव हवं होतं. इतकं, की मी जेवताना, आंघोळ करताना ते इंग्रजीत मनातल्या मनात लिहून बघायचो — आधी आद्याक्षरं, मग आडनाव. म्हणून मी वहिनींना विचारलं. त्यांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. फक्त, तुम्ही असणार ना तिथे, एवढंच. मी म्हटलं, मीच असणार. मग काय, म्हणाल्या. संमतीपत्र मराठीतच होतं, पण त्यांनी ते वाचलं नाही. मीही वाचून दाखवलं नाही. जरा दम लागल्यासारखं होईल, जिना चढल्यावर होतं तसं, असं सांगितलं. आणि दुसरं एक सांगितलं — वहिनी, काही झालं तरी डोकं हलवू नका. डोकं हललं की सगळं वाया जातं.

काही झालं तरी. हे शब्द माझे.

तो रविवार. त्यांनी आदल्या रात्री केसांना तेलही लावलं नव्हतं, यंत्र खराब होईल म्हणून. मंगळसूत्र, बांगड्या काढून दादापाशी दिल्या. मोकळ्या मनगटांकडे बघून जरा ओशाळल्या. मी फुगा दिला. त्यांनी दाबून बघितला. इकडे बेल वाजली, मी अंगठा दाखवला, त्या हसल्या. मास्क लावला. आत सरकवलं.

साधी हवा झाली. ऑक्सिजन झाला. डोकं तसूभरही हललेलं नाही. असे फोटो मी तोवर बघितले नव्हते. बाई खूश. तेवढ्यात वरून फोन आला, कुणी अत्यवस्थ पेशंट आला होता, बाईंना जावंच लागलं. तिसरी हवा तुम्ही सुरू करा, म्हणाल्या, आलेच मी, आणि बेल वाजली तर लगेच बंद करा. नळ माझ्या उजव्या हाताशी होता. दादा बाहेर बाकावर बसला होता, बांगड्यांची पुरचुंडी मांडीवर घेऊन. काचेच्या आतबाहेर म्हणजे मी आणि वहिनी, दोघंच.

मी नळ फिरवला.

थोडा वेळ गेला. पडद्यावर त्यांच्या श्वासाची रेघ चढायला लागली — उंच, मग आणखी उंच. डोकं? नाही हललं. आणि बेल वाजली.

एकदा.

ऐका आता. बेल वाजली. मला ती स्वच्छ ऐकू आली. माझा हात नळावर गेला. आणि तिथे थांबला. कारण पडद्यावर जे उमटत होतं ते पहिल्यांदाच नीट उमटत होतं. आणखी जरा वेळ, की काम झालं होतं. मी स्वतःशी म्हटलं — हे मला शब्दन् शब्द आठवतं — खरंच सहन होत नसेल तर पुन्हा दाबतील. सगळे तसंच करतात. मी नव्हतं का केलं?

पण वहिनी पुन्हा दाबणार नाहीत, हे मला माहीत होतं. या जगात ते दादाला माहीत होतं आणि मला. मेथीची ती पिशवी मला त्या क्षणी आठवली. खोटं सांगत नाही, डोळ्यांसमोर आली. आणि मी डाव्या हाताने बेलचा आवाज बंद केला. माइकवरून 'वहिनी, झालंच हं' एवढं तरी म्हणता आलं असतं, पण तेही म्हटलं नाही — आवाजाने दचकून डोकं हललं असतं. मी बसून राहिलो आणि ती रेघ बघत राहिलो. किती वेळ? घड्याळात फार नाही. पण मी त्या नळीत जाऊन आलो होतो. आतला वेळ केवढा असतो, ते मला माहीत होतं.

ठरलेला वेळ भरला तेव्हा मी नळ फिरवला.

बाहेर काढलं तर त्यांचे केस कपाळाला चिकटलेले. उताणं पडून रडलं की पाणी कानांत जातं. त्यांचे दोन्ही कान ओले होते. मी मास्क काढला. घाबरल्या की त्या मालवणीवर यायच्या. "माका श्वासच गावत नाय होतो," म्हणाल्या. मग हातातल्या फुग्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, मी दाबली होती."

इथे सगळं वाचू शकलं असतं, नाही का? हो म्हटलं असतं, चुकलो म्हटलं असतं. पाया पडलो असतो. त्यांनी मला तिथल्या तिथे माफही केलं असतं, तशाच होत्या त्या. पण दारात बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी विचारलं, बेल वाजली नाही ना? आणि मी, दोघींनाही ऐकू जाईल असं, म्हणालो, "नाही, वाजली नाही. वाजली असती तर मी थांबलो असतो का, वहिनी?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही हो, तसं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. बोटं उघडली, मिटली. "असेल," म्हणाल्या. "दाबली असंच वाटलं मला."

मी फुगा जागेवर टांगला.

फोटो अप्रतिम आले. इतकं स्थिर डोकं मी बघितलं नाही, असं बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. परिषदेत जे चित्र लावलं ते वहिनींच्याच मेंदूचं — करडा मेंदू आणि त्यावर जिथे जिथे रक्त धावलं तिथे लाल-पिवळे डाग. खाली सगळ्यांत शेवटी माझं नाव. त्याची एक प्रत मी मुलुंडला नेऊन दाखवली. दादाला अभिमान वाटला. वहिनींनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, यात भीती दिसते का हो? मी म्हटलं, नाही, नुसतं रक्त दिसतं. बरं झालं, म्हणाल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... नाही, थांबलोच नाही. मला धास्ती होती की त्या पुन्हा कधी विषय काढतील आणि दादाच्या मनात पाल चुकचुकेल. म्हणून मी त्याची गंमत करून टाकली. गणपतीत सगळे भाऊबंद जमले तेव्हा नक्कल करून सांगितलं की वहिनी आत एवढ्या घाबरल्या, एवढ्या घाबरल्या, की फुगा समजून हॉस्पिटलच्या गाऊनची गाठच दाबत बसल्या! खोली हसून हसून लोळली. वहिनीही हसल्या. दर वर्षी कुणी ना कुणी ती फर्माइश करायचं. आणि तीन-चार वर्षांनी एकदा मी कोपऱ्यात बसलो होतो, तर वहिनी स्वतःच भावकीतल्या नव्या सुनेला सांगत होत्या: अगं, मी कसली वेंधळी, गाऊनची गाठ दाबत बसले. अगदी माझ्याच शब्दांत. त्यांना ते आठवतही होतं आता. हातात गाठ होती, असं त्यांना आठवत होतं.

मी उठून गॅलरीत गेलो. आरतीला आत आलो, टाळ वाजवले.

पुढचं भराभर सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी वहिनींचं डोकं दुखायला लागलं. सुईत दोरा ओवेना. चहा कपाबाहेर ओतायच्या. चष्मा दोनदा बदलून झाला. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, दोष डोळ्यात दिसत नाही, मागे आहे काहीतरी. मेंदूचा एमआरआय करा, लवकर करा.

वहिनी नाही म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्या कशाला तरी ठाम नाही म्हणाल्या. दादाने समजावलं, रागावला. मला बोलावून घेतलं. तू सांग रे नंदू तिला, तुझंच तर काम आहे हे. मी गेलो. स्वयंपाकघरात त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, दादा खुर्चीत. मी म्हटलं, मी असेन ना तिथे. तर म्हणाल्या, "तुमच्यावर भरवसा आहे, भावजी. माझ्या हातावर नाही. आत गेल्यावर माझा हात माझं ऐकत नाही. मी दाबते असं मला वाटतं आणि मी दाबतच नाही."

झोपेचं औषध देऊन करू, असंही सुचवून बघितलं. मग तर बेल दाबणं राहिलंच, म्हणाल्या.

माझ्याजवळ एक वाक्य होतं. एकच. वहिनी, तुमच्या हाताने ऐकलं होतं, बेल वाजली होती. एवढ्या वाक्याने त्या दुसऱ्या दिवशी त्या नळीत गेल्या असत्या. मला ते माहीत होतं, जसं त्या पुन्हा दाबणार नाहीत हे माहीत होतं. आणि मी काय केलं? म्हटलं, चहा टाका ना जरा. चहा घेतला. मग म्हटलं, बरं, मग आधी सीटी स्कॅन करू, त्यात नळी नसते, नुसतं कडं असतं. सगळ्यांनी मान डोलावली. मीच तोडगा काढला म्हणून दादाने माझी पाठ थोपटली.

सीटीत धड काही दिसलं नाही. एमआरआय करावा, असं तळाशी लिहून आलं. वहिनी नाही म्हणत राहिल्या. मी भीती घालवण्याचे उपाय सांगत राहिलो — प्राणायाम करा, जप करा, हळूहळू सवय करू. दर भेटीत त्या वाक्यापर्यंत जायचो आणि मूग गिळून परत यायचो. गणपती गेले, दिवाळी गेली. एक डोळा मंद होत होत विझला. दुसऱ्याची बाजू जायला लागली. एक दिवस त्या स्वतःच्याच घरात दाराच्या चौकटीवर आदळल्या, कपाळ फुटलं. तेव्हा दादा रडला, आणि तो रडला म्हणून त्या तयार झाल्या.

आमच्याच मशीनवर केलं. मी बसलो होतो काचेपलीकडे, त्याच खुर्चीत. मास्क नाही, सिलिंडर नाही, साधा एमआरआय. मी त्यांच्या मुठीत फुगा ठेवला आणि वरून बोटं मिटवली. आता दाबून बघा, म्हटलं. बेल वाजली. एकदा.

"वाजली, वहिनी," मी माइकवर म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

मग आतून त्यांचा आवाज आला, जरा हसल्यासारखा. "म्हणजे आज ऐकलं हाताने."

तेव्हा तरी? खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माइक चालू होता, बोट त्याच्या बटणावरच होतं. मी बोट उचललं आणि स्कॅन सुरू केला.

गाठ निघाली. साधी गाठ, कॅन्सर नव्हे. डोळ्यांच्या नसांवर बसली होती, वर्षानुवर्षं वाढत. त्या जुन्या चित्रात काही नव्हतं. मी जाऊन पुन्हा बघितलं, डॉक्टरबाईंनाही दाखवलं. त्या वेळी ती नव्हतीच. तेवढा एक दोष माझा नाही, बाकीचे पुरेसे आहेत. ऑपरेशन झालं, गाठ काढली, जीव वाचला. नजर आली नाही. सर्जन दादाला म्हणाले, वर्षभर आधी आणलं असतं तर नजर राहिली असती. दादाने मान खाली घातली. तिनेच ऐकलं नाही हो, म्हणाला. मी शेजारी उभा होतो. मीही मान खाली घातली. आणि बघणाऱ्यांना वाटलं असेल, दोघे भाऊ सारखेच दुःखात आहेत.

वहिनी कुणाला दोष देत नाहीत. देतात तो स्वतःलाच — भित्री मी, म्हणतात, माझ्या भित्रेपणाने गेले डोळे. शेजारपाजारच्या बायकांना सांगतात, माझ्यासारखं करू नका गं, घाबरू नका, तपासून घ्या. ते ऐकून दोघी-तिघी आमच्याकडे स्कॅनला येऊनही गेल्या. मीच केले त्यांचे. शिवणयंत्रावर आता कापड घातलंय. कधी मधी त्या त्याच्याशी बसतात, चाक हाताने फिरवतात, सुईखाली काही नसतं.

मी आता दर रविवारी मुलुंडला जातो. दादा दुपारी जरा आडवा होतो, आणि त्याला उठवायचं नाही अशी वहिनींची ताकीद. दार त्याच उघडतात, त्यांना ते काम स्वतःच करायचं असतं. ऑपरेशनपासून मी बेल एकदाच वाजवतो. एकदा दाबतो आणि हात खाली घेतो. आतून आवाज येतो, "भावजी ना? आले, आले." मग मला बाहेर उभ्याने सगळं ऐकू येतं — भिंतीवरून सरकणारा तळहात, मशीनला लागलेला पाय, पुन्हा तळहात, मग कडी चाचपणं. बराच वेळ लागतो. त्यांना घाई होऊ नये म्हणून मी काही बोलत नाही, उभा राहतो.

आणि त्या येतात. मी बेल वाजवली आणि त्या आल्या नाहीत, असं आजवर एकदाही झालेलं नाही.